‘योग्य ठिकाण’ म्हणजे कोणते, ते बोर्डाने सांगावे

आमच्या वसाहतीच्या एचओए (घरमालकांची संस्था) बोर्डावरील मराठी सदस्यांना आणि सर्व मराठी घरमालकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात बोर्डाने डेन्व्हरजवळच्या आपल्या वसाहतीच्या ईशान्य कोपऱ्यातला आरव्ही लॉट, म्हणजे कॅम्पर, ट्रेलर, बोटी ठेवायची सामायिक जागा, बंद करून तिथे पिकलबॉलची (टेनिससारख्या एका खेळाची) कोर्टे बांधायचे ठरवले. त्याच बैठकीत आणखी एक ठराव झाला. ट्रकवरून उतरवलेला कॅम्पर ड्राइव्हवेवर, घराच्या कडेला किंवा मागच्या कुंपणाच्या आत, कुठेही ठेवायचा नाही. एका ठरावाने लॉट गेला आणि दुसऱ्याने स्वतःच्या अंगणातली जागाही गेली. पंधरा दिवसांच्या आत वसाहतीचे कामकाज बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीची नियमभंगाची (व्हायोलेशन) नोटीस आमच्या दारात आली. कॅम्परचा फोटो, दंडाची ताकीद आणि खाली एक ओळ : ‘कॅम्पर योग्य ठिकाणी हलवावा.’ ते ठिकाण कोणते हे नोटिशीत लिहिलेले नाही, ठरावातही नाही. कंपनीला फोन करून विचारले, त्यांनाही सांगता आले नाही.

बोर्डाला इंग्रजीतले पत्र रीतसर दिले आहे. हे मराठीत लिहितो आहे कारण बोर्डावर दोन मराठी सदस्य आहेत आणि वसाहतीत मराठी घरे एवढी आहेत की उद्या मतदान झाले तर निकाल आपल्या मतांवर फिरू शकतो. ज्यांच्या घरी ना ट्रक ना कॅम्पर, त्यांना हा विषय आपला वाटत नाही. गणपतीत आरतीनंतरच्या गप्पांतही मला ते जाणवले. त्यांनी हे पत्र शेवटपर्यंत वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. इतर गावांतल्या मराठी वाचकांनाही यातले बरेच ओळखीचे वाटेल. अमेरिकेत सात कोटींहून अधिक लोक एचओए किंवा तशाच संस्थांच्या नियमांखाली राहतात, आणि डॅलस असो की शार्लट, आपली माणसे प्रामुख्याने अशाच वसाहतींत घरे घेतात.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो, कारण बोर्डाच्या ठरावात मोटरहोम, ट्रेलर आणि ट्रक कॅम्पर एकाच वाक्यात बसवले आहेत. मोटरहोम ही स्वतःच्या इंजिनावर चालणारी गाडी असते. ट्रेलर गाडीमागे ओढायचा असतो. ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात बसणारी खोली. तिला इंजिन नाही, चाकेही नाहीत. चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. त्यांवर ती वर उचलायची, ट्रक मागे घेऊन तिच्याखाली सरकवायचा, मग जॅक खाली घेऊन ती हौद्यात बसवायची आणि टर्नबकलने ट्रकच्या चौकटीला आवळायची. परत आल्यावर हेच उलट्या क्रमाने. सराव असला तर तासाभराच्या आत काम उरकते. कडक भिंतींचे कॅम्पर दोन हजार ते चार हजार पौंडांपर्यंत आणि त्याहूनही जड असतात. आमचा पॉप-अप आहे, म्हणजे मुक्कामी पोहोचल्यावर छत वर उचलायचे आणि प्रवासात खाली दाबून ठेवायचे. असे कॅम्पर बरेच हलके असतात आणि छत खाली असताना जेमतेम पाच-साडेपाच फूट उंच भरतात. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो लागेल.

‘मग तो ट्रकवरच ठेवा ना,’ असे बैठकीत एका सदस्यांनी सुचवले. सूचना चांगल्या मनाने केली होती, म्हणून तिचे उत्तर नीट देतो. तो ट्रक माझी रोजची गाडी आहे. कॅम्परसकट तो आमच्या गॅरेजच्या सात फुटी दारातून आत जात नाही, ऑफिसच्या पार्किंग इमारतीतही शिरत नाही. दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर ट्रकने माणसे आणि सामान मिळून किती वजन न्यायचे ते लिहिलेले असते. त्यातले बहुतेक वजन कॅम्परच खातो. ते ओझे वर्षभर स्प्रिंग, टायर आणि ब्रेकवर लादून ठेवायचे, पेट्रोल जाळायचे आणि बर्फाळ सकाळी उंच, डोके जड झालेली गाडी हायवेवर न्यायची, हे शहाणपणाचे नाही. शिवाय मुख्य म्हणजे तसे केले तरी नियम मोडतोच. ट्रकवर चढवलेल्या कॅम्परलाही ड्राइव्हवेवर अठ्ठेचाळीस तासांचीच मुभा आहे. म्हणजे ट्रकवर ठेवला तरी दंड आणि उतरवला तरी दंड.

आता हा कॅम्पर घरी का आहे, ते. आईवडील सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतात. आईला मधुमेह आहे, गुडघे दुखतात, आणि इन्सुलिन थंड ठेवावे लागते. डेन्व्हरहून दोनशे पंच्याऐंशी नंबरच्या रस्त्याने निघालात की केनोशा खिंडीनंतर साऊथ पार्कचे पठार लागते. सप्टेंबरात त्या खिंडीतले अ‍ॅस्पेन सोन्यासारखे पिवळे होतात आणि अर्धे डेन्व्हर तिथे लोटते. पण पुढे फेअरप्ले ते ब्युना व्हिस्टा या टप्प्यात रस्त्याच्या कडेला स्वच्छतागृह सापडणे नशिबावर असते. सत्तरी ओलांडलेल्या बाईला दर वेळी ‘जरा थांब, पुढच्या गावात बघू’ असे सांगत नेणे मला जमत नाही. तिलाही ते नको असते, म्हणून ती पूर्वी ‘तुम्ही जा, मी घरी थांबते’ म्हणायची आणि खिडकीशी बसून राहायची. कॅम्पर आल्यापासून तिने ग्रेट सँड ड्यून्सची वाळू पाहिली, ब्लॅक कॅन्यनच्या कड्यावर उभी राहिली, मेसा व्हर्डेला कड्याच्या कपारीत दगडांनी बांधलेली घरे बघून बराच वेळ गप्प झाली. तिच्यासाठी खालच्या बाकाची गादी होते, फ्रिजमध्ये इन्सुलिन असते, दोन पावलांवर संडास असतो. हे सगळे हॉटेलात राहून झाले नसते. हॉटेल रात्रीपुरते असते, तिची अडचण दिवसा रस्त्यात असते.

मुलीचे कारण वेगळे आहे. तिला आकाशाचे वेड आहे. वेस्टक्लिफ आणि सिल्व्हर क्लिफ या जुळ्या गावांना 2015 मध्ये अंधाऱ्या आकाशाची गावे म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिथे रात्री आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांनी दिसतो. दुर्बीण, गरम कपडे आणि झोपायला जागा बरोबर असेल तरच रात्री दोन वाजता शनी बघायला पोरगी उठते.

ही आमची चैन आहे, असे कोणी म्हणेल. म्हणू दे. पण लॉटवर केवळ चैनीची वाहने उभी नाहीत. तिथे आपल्याच वसाहतीतल्या एका इलेक्ट्रिशियनचा हत्यारांचा ट्रेलर आहे, बागकाम करणाऱ्या एका कुटुंबाचा ट्रेलर आहे, एका निवृत्त जोडप्याची बोट आहे. त्या जागेचे भाडे आम्ही एचओएला देतो. घरे विकताना बिल्डरच्या नकाशावर तो लॉट ठळक दाखवला होता, आणि ड्राइव्हवेवरची बंदी आम्ही सही करून स्वीकारली ती त्या लॉटच्या भरवशावर. नियम आणि सोय दोन्ही एकत्र मिळाले होते. आता सोय काढून घेतली आणि नियम मात्र आणखी कडक केला. माझ्या साऱ्या तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

पहिली तक्रार अशी की पर्याय शोधल्याशिवाय लॉट बंद करायचे ठरले. बैठकीत सांगण्यात आले की बाहेर खासगी स्टोरेज यार्ड भरपूर आहेत. यार्ड आहेत, हे खरे. उघड्या जागेला महिन्याला शंभर-दीडशे डॉलर आणि छताखालच्या जागेला त्याहून पुष्कळ जास्त, हेही एक वेळ सोसता येईल. पण मी एकामागून एक यार्डांत विचारले तेव्हा पहिला प्रश्न आला तो चाकांचा. वाहन स्वतःच्या चाकांवर उभे हवे, गरज पडली तर ओढून हलवता आले पाहिजे, अशी अट बहुतेक ठिकाणी आहे. आणि यार्डवाल्याच्या बाजूने पाहिले तर ती रास्त आहे. आग लागली, पाइप फुटला तर जॅकवर उभी खोली त्याने कशी हलवायची? ट्रेलरवाल्याला शहरात पन्नास जागा मिळतील. ट्रकवरून उतरवलेल्या कॅम्परला मिळणाऱ्या जागा फार थोड्या, त्याही दूरच्या आणि प्रतीक्षायादीच्या. रस्त्यावर लावायचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण त्याला चाके नाहीत. बोर्डाने ठराव करण्याआधी एका यार्डाला जरी फोन केला असता तरी हे कळले असते.

आणि दूरच्या यार्डात तो नुसता ठेवून चालत नाही. फ्रंट रेंजचा, म्हणजे रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याचा, आपला पट्टा देशातल्या सर्वांत जास्त गारपीट होणाऱ्या भागांपैकी आहे. 8 मे 2017 ची गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना लेकवूडचा कोलोरॅडो मिल्स मॉल नंतर कित्येक महिने बंद होता ते आठवत असेल. कॅम्परच्या छतावर प्लास्टिकची झडप असते. ती एका मोठ्या गारेने फुटते आणि मागोमाग पाणी आत जाते. छताच्या सांध्यांना लावलेला सीलंट इथल्या उन्हाने तडकतो, आपण समुद्रसपाटीपासून पाच-सहा हजार फुटांवर आहोत. पाणी भिंतीच्या थरांत मुरले की बाहेरचा पत्रा ठीक दिसत राहतो आणि आतले लाकूड कुजते. म्हणून दर वादळानंतर शिडी लावून छत बघावे लागते. हिवाळ्यापूर्वी टाक्या रिकाम्या करून नळांत गुलाबी अँटिफ्रीझ (सहजी न गोठणारे द्रव) सोडावे लागते. गॅसगळती ओळखणारे यंत्र बॅटरीतून सतत थोडी वीज घेत असते. बॅटरी उतरलेली असताना कडाक्याची थंडी पडली तर साधी शिसे-आम्लाची बॅटरी गोठून फुटू शकते. लिथियमची असेल तर ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. आणि उंदीर. इथला डिअर माउस दिसायला गोजिरवाणा असतो, पण त्याच्या विष्ठेतून आणि मूत्रातून हँटाव्हायरस पसरतो, आणि कोलोरॅडोत त्याने माणसे दगावली आहेत. ज्या गादीवर आई झोपणार ती गादी मला वरचेवर उचलून बघायची असते. वसाहतीचा लॉट चालत पाच मिनिटांवर आहे, म्हणून हे सगळे होते. चाळीस मैलांवरच्या, वीज नसलेल्या, संध्याकाळी फाटक बंद होणाऱ्या यार्डात ते होणार नाही.

दुसरी तक्रार कुंपणाच्या आतल्या बंदीची आहे. वसाहतीत सहा फुटी लाकडी कुंपणाला परवानगी आहे. छत खाली केलेला पॉप-अप कॅम्पर जॅक उतरवून बुटक्या, भक्कम घोडीवर ठेवला तर रस्त्यावरून तो दिसत नाही. जे दिसतच नाही त्याने वसाहतीचे रूप कसे बिघडते? फ्लोरिडाच्या विधिमंडळाने 2023 मध्ये कायदाच केला की घराच्या दर्शनी बाजूने किंवा शेजारच्या जागेतून न दिसणाऱ्या वस्तू स्वतःच्या जागेत ठेवायला एचओए मनाई करू शकत नाही. बोटी आणि आरव्ही यांची नावे त्या कायद्यात घालून ठेवली आहेत. कोलोरॅडोला तो कायदा लागू नाही, हे मला माहीत आहे. पण एवढा विचार आपले बोर्ड स्वतःहून करू शकते, त्यासाठी कायद्याने हात धरायची गरज नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कुंपणाआड परवानगी दिली तरी सगळ्यांचा प्रश्न सुटत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांच्या कडेला मोजकीच पाच-सहा फुटांची पट्टी आहे, आणि दोन घरांमधून पावसाचे पाणी वाहून नेणारी उतरती चर तिथूनच जाते. कॅम्परची रुंदीच साडेसहा-सात फूट असते. कोपऱ्यावरच्या प्लॉटांना आणि मागे मोठे अंगण असलेल्यांना जागा मिळेल, बाकीच्यांना मिळणार नाही. म्हणून कुंपणाआडची परवानगी ही लॉटला जोड आहे, ती लॉटची जागा घेऊ शकत नाही.

तिसरी तक्रार ठराव ज्या पद्धतीने झाला तिची. बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘जमीन वापराचा आढावा’ एवढेच लिहिले होते. लॉट बंद होणार असल्याचा त्यात उल्लेख नव्हता. कोलोरॅडोच्या कायद्याप्रमाणे बोर्डाने एखाद्या विषयावर निर्णय घेण्यापूर्वी घरमालकांना त्यावर बोलू द्यायला हवे. पण विषय काय आहे तेच कळले नाही तर बोलायला कोण येणार? त्याआधी एक सर्वेक्षण झाले होते, त्याचा दाखला आता दिला जातो. ते मी जपून ठेवले आहे. ‘लॉटच्या जागी तुम्हाला काय आवडेल?’ असा प्रश्न होता आणि पुढे पिकलबॉल, कुत्र्यांचे पार्क, सामूहिक भाजीबाग असे पर्याय. ‘लॉट आहे तसा राहू द्यावा’ हा पर्यायच नव्हता. अशा सर्वेक्षणातून बहुमत निघाले असे म्हणणे बरोबर नाही. बोर्डाचे म्हणणे आहे की जागा विकायची नाही, फक्त वापर बदलायचा आहे, म्हणून मतदानाची गरज नाही. नियमाचा अर्थ वकील सांगतील. मी एवढेच म्हणतो की सामायिक जागेचा उपयोग कायमचा बदलायचा असेल तर ज्यांची ती जागा आहे त्यांना विचारावे.

नोटिशीबद्दल थोडक्यात. तिच्यात दहा दिवसांची मुदत दिली आहे. कोलोरॅडोने 2022 मध्ये केलेल्या कायद्यानुसार ज्या उल्लंघनाने कोणाच्या सुरक्षिततेला धोका नाही, त्यासाठी कोर्टात कारवाई करण्याआधी दुरुस्तीला तीस-तीस दिवसांच्या दोन मुदती द्याव्या लागतात आणि एका उल्लंघनाचा एकूण दंड पाचशे डॉलरच्या वर जाऊ शकत नाही. घरमालकाने कळवले असेल तर नोटीस इंग्रजीबरोबर त्याच्या पसंतीच्या भाषेतही द्यावी लागते. ही तरतूद आपल्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांचे आईवडील घराचे सहमालक आहेत आणि इंग्रजी वाचत नाहीत, त्यांनी तिचा उपयोग जरूर करावा. नोटिशीसोबतच्या फोटोत कॅम्परचे दार उघडे आहे आणि माझे वडील आत पाण्याचे कॅन चढवताना दिसतात. आम्ही सहलीची तयारी करत होतो. सामान चढवायला मुभा आहे, असे नियमच म्हणतो. फोटो कोणी काढला ते मला जाणून घ्यायचे नाही. पण ज्यांना त्रास होत असेल त्यांनी दाराची घंटा वाजवावी, चहा घ्यावा आणि समोर सांगावे. आपण एकमेकांच्या घरी जेवलेली माणसे आहोत.

ज्यांचा कॅम्परला विरोध आहे त्यांच्या बाजूला काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. दोन शंका मला योग्य वाटतात. एक, जॅकवर पूर्ण उंचीवर उभा कॅम्पर धोकादायक असतो. मुले खाली शिरतात, चेंडू आणायला जातात. शिवाय हिवाळ्यात डोंगरावरून उतरणारे चिनूक वारे काय करू शकतात ते आपण अनुभवतो. त्यामुळे कॅम्पर उंच जॅकवर सोडून जायला बंदी घाला, मी त्या ठरावाच्या बाजूने हात वर करीन. कॅम्पर नेहमी खाली उतरवलेला असावा, त्याच्या तळाला खालून भक्कम आधार असावा, जॅकच्या पायाखाली रुंद फळ्या असाव्यात, अशी अट लिहा.

दुसरी शंका आगीची. 30 डिसेंबर 2021 च्या मार्शल आगीत सुपीरियर आणि लुइसव्हिल भागात हजाराहून जास्त घरे जळाली, ताशी शंभर मैलांच्या वाऱ्यात. गवताला लागलेली ठिणगी कुंपणावर आणि कुंपणावरून घरांवर पोहोचली. आपल्यातल्या काहींचे मित्र त्यात बेघर झाले, त्यामुळे घराच्या भिंतीला खेटून कोणी काही उभे केले की पोटात गोळा येतो, तो मी समजू शकतो. घराभोवतीच्या पहिल्या पाच फुटांत जळण्याजोगे काही ठेवू नये, असे अग्निशमनवाले सांगतात. तोच नियम कॅम्परलाही लावा. गॅसचा सिलिंडर बंद आणि उघड्या हवेत असावा, गॅरेजमध्ये तर कधीच नसावा. आणि या शंकेचे सर्वांत चांगले उत्तर तो लॉटच आहे : खडी टाकलेला, घरांपासून लांब, पाण्याच्या तळ्याशेजारी. आगीची काळजी असणाऱ्यांनी तर तो टिकवायला सर्वांत आधी उभे राहायला हवे.

पिकलबॉलला माझा विरोध नाही. आपले काका-काकू सकाळी खेळतात, ते बघून आनंद होतो. पण त्याचा टकटक आवाज लांबवर जातो. 2023 मध्ये शेजारच्या सेंटेनियल शहराने घरांजवळच्या नव्या कोर्टांना काही महिने स्थगिती दिली होती ती याच आवाजामुळे. ईशान्य कोपऱ्यालगतच्या घरांना हे कोणी सांगितले आहे का? खडीची जागा काँक्रीटने झाकली की पावसाचे पाणी मुरायचे थांबते, ते तळ्यात किती वाढेल याचा हिशेब कोणी केला आहे का? सध्याच्या टेनिस कोर्टांवर पिकलबॉलच्या रेघा आखता येतात, अनेक वसाहतींनी तसे केले आहे. ते आधी करून पाहायला खर्च फारसा येत नाही.

बोर्डावरच्या दोन्ही मराठी सदस्यांना मी वर्षानुवर्षे ओळखतो. तुम्ही संध्याकाळचा वेळ घरच्यांना न देता या कामाला देता, एक पैसा न घेता देता, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच तुमच्याकडून अपेक्षा जास्त आहे. मॅनेजमेंट कंपनीने मसुदा पुढे ठेवला आणि सह्या झाल्या, असे या वेळी झाले असावे असे मला वाटते. तो मसुदा पुन्हा उघडा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

लॉटच्या बांधकामाचे कंत्राट देऊ नये. सर्व घरमालकांचे मतदान घ्यावे आणि त्यात ‘लॉट राहावा’ हा पर्याय स्पष्ट असावा. मतदानापूर्वी लॉटचे उत्पन्न, देखभालीचा खर्च आणि कोर्टांचा अंदाजे खर्च हे तिन्ही आकडे सर्वांना पाठवावेत.

मतदानात लॉट बंद करायचे ठरले तर मी तो निकाल मान्य करीन. पण त्यानंतर किमान एक वर्षाची मुदत द्यावी. उतरवलेला कॅम्पर स्वीकारणाऱ्या यार्डांची यादी बोर्डाने स्वतः फोन करून, खात्री करून द्यावी. लॉटचा निम्मा भाग राखून उरलेल्यात दोन कोर्टे बसतात का, हेही मोजून बघावे. माझ्या मते बसतात.

ट्रकवरून उतरवलेल्या कॅम्परची नियमात स्वतंत्र व्याख्या करावी. छत खाली केलेला, घोडीवर उतरवलेला, सहा फुटी कुंपणाआड न दिसणारा आणि घरापासून पाच फूट अंतर राखणारा कॅम्पर ज्यांच्या अंगणात मावतो त्यांना ठेवू द्यावा. बोर्डाने वर्षातून एकदा येऊन पाहणी करावी, माझे फाटक उघडे असेल.

सहलीआधी आणि नंतर सामान चढवण्या-उतरवण्यासाठी अठ्ठेचाळीसऐवजी बहात्तर तास द्यावेत. शुक्रवारी रात्री लॉटवरून आणलेला कॅम्पर सोमवारच्या सुट्टीनंतर धुऊन, टाक्या रिकाम्या करून परत नेण्याला एवढा वेळ लागतो. आणि लॉटचा निर्णय होईपर्यंत या नियमाखाली दिलेल्या सगळ्या नोटिसा स्थगित ठेवाव्यात. त्यांत माझ्याखेरीज इलेक्ट्रिशियनचे घर आहे, बोटवाले आजी-आजोबा आहेत. त्यांच्यापैकी कोणी मराठी वाचत नाही, पण त्यांच्या वतीनेही मी हे मागतो आहे.

बाकीच्या मराठी घरमालकांना दोन विनंत्या. बोर्डाची पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये आहे, ऑनलाइनही येता येते. घरटी एक माणूस तरी हजर राहा. मत माझ्याविरुद्ध असले तरी या, पण मत द्या. दुसरी विनंती, त्याआधीच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी लॉटवर असेन. कॅम्पर कसा उतरवतात, किती उंच भरतो, कुंपणाआड दिसतो की नाही, हे मोजपट्टी घेऊन दाखवीन. बोर्डाच्या पाचही सदस्यांना मी तसे लेखी निमंत्रण दिले आहे. मुलांना घेऊन या, फक्त जॅकपासून त्यांना दूर ठेवा.

बोर्डाकडून या पत्राला लेखी उत्तर हवे आहे, आणि त्यात ‘योग्य ठिकाणा’चा पत्ता असावा.

आपला,
वसाहतीतील एक घरमालक आणि शेजारी